फिलिपिनो लोकगीतांतून मुलांना संगीत शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मनिलात राहते आणि चार ते नऊ वर्षांच्या मुलांना गाणं शिकवते. वर्गात बहुतेक फिलिपिनो मुलं, थोडी भारतीय घरांतली, त्यातली दोन-तीन मराठी. इथल्या मराठी आई-बाबांचे आणि तिकडे पुण्या-मुंबईत संगीत शिकवणाऱ्या मैत्रिणींचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. टागालोग, म्हणजे इथल्या भाषेतले, शब्द कानाला जसे ऐकू येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत.

फिलिपिनो लोकगीतंच कशाला? मुलांना इंग्लिश बालगीतं आधीच पाठ असतात.

पाठ असतात, आणि त्याला इतिहास आहे. १९०१ साली 'थॉमस' नावाच्या जहाजातून अमेरिकन शिक्षकांचा मोठा तांडा मनिलात उतरला, शाळेची भाषा इंग्लिश झाली आणि तिच्या मागोमाग इंग्लिश गाणी आली. लेतेचे न्यायाधीश नोर्बेर्तो रोमुआल्देस यांनी पुढे शाळांसाठी गाण्यांची पुस्तकमाला तयार करताना तिच्यात इथली लोकगीतं घातली, तेव्हा कुठे ती वर्गात शिरली.

पण माझं कारण भावनिक नाही, कानाचं आहे. इंग्लिशमध्ये आघाताचं अक्षर लांबतं आणि बाकीची अक्षरं चेपली जातात. टागालोगमध्ये, आपल्या मराठीसारखंच, जवळजवळ प्रत्येक अक्षराला आपापला वेळ मिळतो. चार वर्षांचं मूल अक्षरागणिक टाळी वाजवू शकतं आणि ती टाळी तालात पडते. शिवाय या भाषेला द्विरुक्तीचा भारी सोस. सारी-सारी म्हणजे तऱ्हेतऱ्हेचं, दाला-दाला म्हणजे सोबत वागवलेलं, पालिगिद-लिगिद म्हणजे सभोवार. भरभर, सळसळ, गरगर म्हणत वाढलेल्या मराठी पोराला हे परकं वाटतच नाही.

सुरुवात कुठल्या गाण्याने करू?

गाण्याने करूच नका. सुराआधी बोल. पहिले तीन-चार आठवडे मी फक्त खेळातल्या यमकांवर काढते.

पहिलं 'पेन पेन दे सारापेन'. मुलं गोल बसून पंजे जमिनीवर पसरतात, एक जण बोटांवरून बोट फिरवत म्हणत जातो आणि शेवटचा शब्द ज्या बोटावर येईल ते बोट दुमडायचं. आपलं 'अरिंग मिरिंग' डोळ्यांपुढे आलं ना? तसंच. शब्दांना अर्थ फारसा नाही. स्पॅनिशमधली सुरी आहे, स्पॅनिशमधलं कोठार आहे आणि शेवटी इथला काराबाव, म्हणजे पाणरेडा, येतो. तीनशे वर्षांची स्पॅनिश राजवट मुलांनी चघळून चघळून अशी करून टाकली! या खेळात मूल नकळत एक फार महत्त्वाची गोष्ट शिकतं: शब्द कितीही आडवेतिडवे असोत, बोट ठरलेल्या चालीनेच पुढे सरकतं. याला आपण लय म्हणतो, पण वर्गात हा शब्द उच्चारायची गरज पडत नाही.

दुसरा 'नानाय, ताताय'. समोरासमोर बसून टाळ्यांचा खेळ. आई-बाबा, मला पाव हवा. ताई-दादा, मला कॉफी हवी. माझं सगळं ऐकायचं. जो चुकेल त्याचा कान पिळीन. मग एक टाळी. पुन्हा सगळं म्हणायचं आणि दोन टाळ्या, मग तीन, आणि असं वाढत दहापर्यंत. मला या खेळाइतकं चोख लयीचं यंत्र दुसरं सापडलेलं नाही. सहा-सात टाळ्यांच्या पुढे मुलं घाईला येतात, वेग वाढतो आणि डाव कोसळतो. कोसळल्यावर एवढंच विचारायचं, "आपण पळायला कुठून लागलो?" सांगतात बरोबर.

त्यानंतर 'सित्सिरित्सित आलिबांगबांग'. आधी नुसतं म्हणायचं, मग चालीवर.

'सित्सिरित्सित'मध्ये शिकवण्यासारखं काय आहे? अर्थ तर काहीच लागत नाही.

अर्थ थोडा लागतो. आलिबांगबांग, सालागिंतो, सालागुबांग ही सगळी किड्यांची नावं, त्यातला सालागिंतो सोनेरी भुंगेरा. पुढे रस्त्यातून कोंबड्यासारखी मिरवत जाणारी बाई येते. मुलांना एवढं पुरतं.

खरी गंमत मोजण्यात आहे. सित्-सि-रित्-सित् आ-लि-बांग-बांग: आठ अक्षरं. सा-ला-गिन्-तो सा-ला-गु-बांग: पुन्हा आठ. पुढच्या दोन ओळीही आठ-आठच्याच. म्हणजे आपली अष्टाक्षरी, तीही चार-चारच्या तुकड्यांची! ताल दोन मात्रांचा. मात्रेला पाय आणि अक्षराला टाळी असं करायला लावलं की एका मात्रेत दोन अक्षरं बसतात हे पायालाच कळतं. कागदावर दुगुण समजावताना घाम फुटतो, इथे पाच मिनिटं लागतात.

'बाहाय कूबो' सगळीकडे शिकवतात. त्यात एवढं काय आहे?

या एका गाण्यावर मी पूर्ण तिमाही काढू शकते आणि काढलीही आहे.

बाहाय कूबो म्हणजे बांबूची, निपाच्या झावळ्यांनी शाकारलेली, खांबांवर उभी असलेली झोपडी. गाणं म्हणतं, झोपडी इवलीशी असली तरी भोवती तऱ्हेतऱ्हेची झाडं आहेत, आणि मग सुरू होते यादी. अठरा नावं. वांगं, भुईमूग, चवळीची लांब शेंग, वाल, कोहळा, दोडका, दुधी, लाल भोपळा, मुळा, मोहरी, कांदा, टोमॅटो, लसूण, आलं आणि सगळ्याच्या भोवताली तीळ. आणखी चौधारी शेंग, एक घेवडा आणि सिंगकामास नावाचा पांढरा, रसाळ, कच्चा खायचा कंद. मराठी आईला हे गाणं ऐकवलं की ती आधी भाजी ओळखते, चाल नंतर. असू दे.

आता संगीत. ही अठरा नावं कार्डांवर लिहा किंवा चित्रं काढा आणि मुलांना अक्षरांप्रमाणे ढीग करायला सांगा. दोन अक्षरांची नऊ निघतात: तालोंग, मानी, सिताव, बाताव, कुंदोल, ऊपो, बावांग, लूया, लिंगा. तीन अक्षरांची सात: सिंगकामास, पातानी, पातोला, लाबानोस, मुस्तासा, सिबुयास, कामातिस. 'सिंगकामास' देवनागरीत लांबलचक दिसतं, पण उच्चार सिंग-का-मास. चार अक्षरांची दोनच: सिगारिल्यास आणि कालाबासा. झाले तुमच्याकडे लयीचे तीन ठोकळे! दोन मुलांनी दोन कार्डं धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी ती वाजवायची: मानी-कालाबासा, मानी-पातोला. कार्डांची अदलाबदल केली की नवी रचना तयार. सहा वर्षांची पोरं अशा आठ-आठ कार्डांच्या ओळी रचतात आणि वाजवून दाखवतात. तबल्यात आपण कायदा-पलटा म्हणतो त्याचं हे अगदी बाळरूप.

चाल तीन मात्रांची आहे. भारतीय मुलांना मी दादरा तालाचा अर्धा भाग म्हणून सांगते. फिलिपिनो मुलांना काही सांगावं लागत नाही, ती डुलायलाच लागतात. पहिल्या मात्रेला मांडीवर थाप, पुढच्या दोन हवेत. एवढं जमलं की निम्मी मुलं थाप धरतात आणि निम्मी भाज्यांची नावं गातात. एकाच वेळी दोन गोष्टी ऐकायची सवय इथून लागते.

जाता जाता एक. हे गाणं अगदी 'आपल्या मातीतलं' म्हणून शिकवलं जातं आणि आहेही तसंच, पण भाज्यांची नावं पाहा. कालाबासा, लाबानोस, मुस्तासा, सिबुयास ही स्पॅनिशमधून आलेली. कामातिस आणि सिंगकामास मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतली. मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं गलबतं ये-जा करत होती, त्यांतून भाज्या आल्या आणि नावंही आली. पातोला मात्र संस्कृत 'पटोल', आपलं पडवळ त्याच कुळातलं. इथे येऊन ते दोडक्याचं नाव झालं. मोठ्या मुलांना हे सांगते. गाण्याच्या तासाला भूगोल चालतो.

मला टागालोग येत नाही. उच्चार चुकले तर?

चुकतील. मुलं हसून दुरुस्त करतील आणि त्यांना तेवढाच मान मिळेल. तरी तीन गोष्टींकडे लक्ष द्या.

एक म्हणजे ङ. आपल्या वर्णमालेत तो शोभेला बसलेला असतो. इथे तो रोज कामाला जातो, तोही शब्दाच्या सुरुवातीला: ङायोन म्हणजे आत्ता, ङिपिन म्हणजे दात. 'वाङ्मय' म्हणताना जीभ जिथे जाते तिथून सुरुवात करा, सवयीने जमतं. एक लिपीची अडचण सांगते. रोमन लिपीत एन आणि जी एवढी दोनच अक्षरं सुटी दिसली, तर त्याचा उच्चार 'नांग' असा करायचा. नव्या माणसाला हे कळायचा मार्गच नाही.

दुसरी गोष्ट आघात. मराठीत आघात बदलून अर्थ बदलत नाही. इथे बदलतो. 'बाका'त पहिल्या अक्षरावर जोर दिला तर गाय, दुसऱ्यावर दिला तर 'कदाचित'. जुन्या गाण्यांच्या चाली या आघातांना धरून घडलेल्या असतात, म्हणून त्या चालीत कोंबलेलं भाषांतर लंगडतं. मी स्वतः 'बाहाय कूबो'चं मराठी करून पाहिलं होतं, हौसेने. शब्द बसले, पण गाणं उठलं नाही. ते वहीतच आहे आणि तिथेच राहील.

तिसरी, शब्दाच्या शेवटी स्वर एकदम गळ्यात तोडणं. बाता, म्हणजे मूल, या शब्दाचा शेवटचा 'आ' लांबवायचा नसतो, झाकण लावल्यासारखा बंद करायचा. गाताना हे थोडं सैल चालतं.

आणि तुमच्या ओळखीचेही शब्द निघतील. गुरो म्हणजे शिक्षक, मुखा म्हणजे चेहरा, दुखा म्हणजे गरीब. मलय भाषांच्या वाटेने आलेलं संस्कृत. यातला माझा सर्वांत लाडका शब्द पुढच्या उत्तरात.

'लेरोन लेरोन सिंता' लहान मुलांना कळतं का? ते प्रेमाचं गाणं आहे ना?

आहे, पण मुलं ते पपईचं गाणं म्हणून गातात. एक जण टोपली घेऊन पपईच्या झाडावर चढतो, शेंड्याला पोचतो आणि फांदी मोडते. नशीब खोटं, दुसरं कोणीतरी शोधा. पपईला फांदी कुठली, असं एका मुलीने विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

'सिंता' म्हणजे प्रिय व्यक्ती. मूळ शब्द आपली चिंता! जिची सारखी चिंता वाटते ती सिंता. मराठी आईला हे सांगितलं की ती गप्प होते आणि मग म्हणते, बरोबरच आहे.

गाणं दोन मात्रांचं आणि ओळी सहा अक्षरांच्या. मी ते थांबा शिकवायला वापरते. चढताना वेग हळूहळू वाढवायचा, फांदी मोडली की सगळ्यांनी एकदम थिजायचं, मी बोट हलवेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही. संगीतात शांततेलाही लांबी असते हे इथे पटतं. दर वेळी कोणीतरी फसकन हसतं आणि शांतता मोडते. पुन्हा चढा.

सरगम शिकवू की डो-रे-मी? आणि स्वरलिपी कधी?

ज्या घरात जे बोललं जातं ते. दोन्हींत मुद्दा एकच असावा, पहिला स्वर हलता ठेवायचा. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या नावाने जी पद्धत चालते तिच्यात 'डो' कुठल्याही पट्टीवर बसतो. आपल्याला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही, आपला सा कायमच गायकाच्या गळ्याप्रमाणे बसत आला आहे. कोदाय यांचं दुसरं म्हणणं, की मुलाला संगीत आधी त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतांतून द्यावं, तेही मला पूर्ण मान्य.

भांडण पुढे आहे. या पद्धतीच्या पुस्तकांत स्वरांचा एक ठरलेला क्रम असतो: आधी सो-मी, म्हणजे प-ग, मग ला, मग डो आणि रे. पाच स्वर पक्के झाले की मग फा आणि टी. हंगेरीच्या जुन्या गाण्यांत पाच स्वरांचा साचा खूप आहे, तिथे हे शोभतं. पण फिलिपिन्सच्या सखल भागातली बरीच गाणी स्पॅनिश काळात घडलेली. त्यांत सातही स्वर मोकळे फिरतात आणि गिटारच्या दोन-तीन कॉर्डवर गाणं उभं असतं. म आणि नी टाळायचा हट्ट धरलात तर हातात दोन-चारच गाणी उरतात, किंवा मग पुस्तकाला सोयीची अशी गाणी कोणीतरी बनवतं आणि तीच लोकगीतं म्हणून खपतात. मी क्रम गाण्यांतून काढते. 'बाहाय कूबो' मुलाच्या तोंडात बसलं आहे ना, मग त्यात येतील ते स्वर त्याचे झाले. नाव आज ठेवा किंवा पुढच्या वर्षी.

पाच स्वरांचीच गाणी हवी असतील तर ती उत्तर लुझोनच्या कोर्दिलेरा डोंगरांत आहेत. तिथल्या 'सालिदुमाय' प्रकारच्या गाण्यांत सा रे ग प ध असा सांगाडा ऐकू येतो. मराठी कानाला थेट भूप. राग नव्हे, फक्त स्वर तेवढेच, हेही मुलांना सांगावं.

लिहिणं मी सात वर्षांपर्यंत काढत नाही. त्याआधी दाणे, काड्या, बाटल्यांची बुचं चालतात.

मूल बेसूर गातं. काय करू?

बहुतेक वेळा मूल बेसूर नसतं, पट्टी खाली असते. बाबा गिटार घेऊन स्वतःच्या गळ्याला सोयीच्या पट्टीत सुरुवात करतात आणि मूल तळाशी गुरगुरत राहतं. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतच्या टप्प्यात लहान मुलांचा आवाज मोकळा लागतो. गाण्याचा बराचसा भाग तिथे येईल अशी पट्टी निवडा. पुरुष शिक्षक असाल तर मुलांपैकीच एकाला सूर द्यायला सांगा. बाकीच्यांना तुमच्यापेक्षा त्याचा आवाज लवकर सापडतो.

सगळी टागालोगच गाणी घ्यायची का?

मुळीच नाही. ७,६४१ बेटं आणि पावणेदोनशेच्या आसपास भाषा असलेला देश आहे हा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आज्या मनिलाच्या नाहीत.

इलोकानोमध्ये 'मानांग बिदाय' आहे. मानांग म्हणजे ताई, खिडकी उघड म्हणून तिला विनवणी चालली आहे. पांपांगाचं 'आतिन कु पुंग सिंगसिंग' आईकडून मिळालेल्या आणि हरवलेल्या अंगठीचं गाणं, तेही तीन मात्रांचं. 'बाहाय कूबो'नंतर लगेच घेता येतं. सेबूचं 'सी फिलेमोन' तर मुलांना फारच आवडतं. फिलेमोन समुद्रावर मासेमारीला जातो, हाती लागतो चिखलातला एक उड्या मारणारा क्षुद्र मासा, तो मोडक्या बाजारात विकतो, किरकोळ पैसे मिळतात आणि त्याची ताडी पितो. संपलं! ताडीच्या जागी काही शाळांत दुसरं काही घालतात. मी घालत नाही.

इलोंगो भाषेतली अंगाई, 'इली-इली तुलोग आनाय', हिच्यासाठी वेगळा तास ठेवते. आई इथे नाही, दुकानात पाव आणायला गेली आहे, तू झोप. एवढंच. हळू गाणं आणि बारीक गाणं यांतला फरक मुलांना कळत नाही, आवाज कमी करायला सांगितलं की ती वेग कमी करतात. मांडीवर रुमालाचं बाळ घेऊन ही अंगाई गायला लावली की झोका आपल्या चालीने चालू राहतो आणि आवाज तेवढा खाली येतो. वर्गातल्या एका मुलाची आई खरोखरच परदेशात नोकरीला आहे. इथे अशी घरं पुष्कळ. ते मूल हे गाणं कसं गातं ते पाहून मी घ्यायचं की नाही ते ठरवते.

शाळांमधलं चित्र सांगायचं तर २०१३ च्या कायद्याने तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवणं आलं, त्यामुळे प्रांतोप्रांतीची गाणी वर्गात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नव्या कायद्याने ती सक्ती उठली. गाण्यांवर याचा परिणाम होऊ नये असं वाटतं, पण शिक्षक शेवटी पुस्तकात असेल तेच घेतात.

हे खरंच लोकगीत आहे की कोणी लिहिलेलं, हे कसं ओळखायचं? कॉपीराइटचं काय?

प्रत्येक गाण्याची चौकशी करा. 'सारुंग बांग्गी' सगळे लोकगीत म्हणून गातात, पण ते आल्बाय प्रांतातल्या पोतेन्सियानो ग्रेगोरियो यांनी १९१० मध्ये रचलं. 'सा उगोय नांग दुयान' ही पाळण्याची आठवण लुसियो सान पेद्रो यांची चाल आणि लेवी सेलेरियो यांचे शब्द. दोघेही फिलिपिन्सचे राष्ट्रीय कलाकार, दोघेही २००२ मध्ये गेले. इथल्या कायद्यात हक्क मृत्यूनंतर ५० वर्षं चालतो, म्हणजे हे गाणं छापायचं तर परवानगी लागणार. फुलपाखराचं 'पारू-पारोंग बुकिद' जुन्या स्पॅनिश गाण्यावरून आलेलं आहे.

गाणं पारंपरिक असलं तरी कोणी केलेली चार आवाजांची मांडणी त्याची असते. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पालकांच्या गटात टाकायची सवय सगळीकडे आहे, आपल्याकडेही.

वाद्यं कुठली वापरू?

करवंट्या. घासून गुळगुळीत केलेल्या, प्रत्येकाला दोन. लागुना प्रांतातल्या बिन्यानच्या 'मागलालातिक' नाचात पुरुष अंगावर करवंट्या बांधून त्या वाजवतात, तो मुलांना दाखवता येतो.

मग बांबू. कालिंगा लोकांच्या 'तोंगातोंग'मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या जमिनीवर आपटतात. प्रत्येकाकडे एकच नळी, एकच सूर आणि सगळ्यांचे मिळून एक विणकाम. एकट्याने काहीच वाजत नाही. वर्गातल्या पुढे पुढे करणाऱ्या मुलांवर याइतका चांगला इलाज नाही. लेतेच्या 'तिनिकलिंग' नाचातले बांबूही तीन मात्रा पक्क्या करायला उत्तम: खाली, खाली, जवळ. मात्र लहानांसाठी बांबूऐवजी जमिनीवर दोन दोऱ्या ठेवा, घोटे वाचतील.

मिंदानाओच्या मागिंदानाओ आणि मारानाओ लोकांचं कुलिंतांग, म्हणजे आडव्या ओळीत ठेवलेल्या आठ घंगाळ्यांसारख्या घंटा, दिसायला मोहक. त्यावर 'बाहाय कूबो' वाजवायचा मोह होतो. कृपा करून नको. प्रत्येक संचाचे सूर त्याचे त्याचे असतात, पेटीच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत, आणि ती परंपरा स्पॅनिश काळातल्या गाण्यांपेक्षा सर्वस्वी वेगळी आहे. ते आधी ऐका. होसे मासेदा (१९१७–२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून केलेली ध्वनिमुद्रणं दिलिमानच्या फिलिपिन्स विद्यापीठात आहेत. २००७ मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतिठेव्यात घेतली.

काही गाण्यांचे शब्द खटकतात. वगळू का?

'दोऑन पो सा आमिन'मध्ये चार भिकारी मजा करतात: पांगळा नाचतो, मुका गातो, आंधळा बघतो, बहिरा ऐकतो. वर्गात कानाचं यंत्र लावणारी मुलगी असताना मी हे गाणं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. 'लांगित लुपा' या पकडापकडीच्या यमकात छातीत सुरा आणि ठिबकणारं रक्त आहे. ते मुलं मैदानावर तुमच्याविना म्हणतच राहणार, वर्गात आणायची गरज नाही. 'सित्सिरित्सित'च्या एका कडव्यात नावाड्याला विनवणी आहे, या पोराला मनिलाला ने आणि तिथे बाहुलीच्या बदल्यात देऊन टाक. पालक दचकतात, मुलांना मात्र हे अतोनात आवडतं, आपल्याकडे 'बागुलबुवा नेईल' आवडतो तसं. ते मी ठेवते.

ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी गाणं बसवायचं आहे. किती आधी?

ऑगस्ट हा इथे राष्ट्रभाषेचा महिना, सगळ्या शाळांत पोशाख आणि नाच असतात. माझं मत विचाराल तर कार्यक्रमासाठी गाणं बसवूच नका, बसलेल्या गाण्यातलं एक कार्यक्रमाला न्या. वाजवायची तबकडी लावून मुलांना नुसते ओठ हलवायला लावणं तर मुळीच नको. मागे वाजणाऱ्या गाण्याची पट्टी बहुधा मोठ्यांची असते, मुलं ओरडतात आणि वर्षभराचं काम तीन मिनिटांत वाया जातं.

सोबत मराठी गाणी घेतली तर गोंधळ होईल का?

मुलांचा होत नाही. 'ये रे ये रे पावसा' मी पहिल्या पावसाला घेते, फिलिपिनो मुलं 'खोटा' शब्दावर जाम खूश असतात. गाणं ज्या भाषेतलं आहे त्या भाषेत गायचं, एवढी एकच अट.

आम्हाला दोघांनाही गाता येत नाही. घरी सराव कसा घ्यायचा?

'पेन पेन' आणि 'नानाय, ताताय' यांना सूर लागतच नाही. ती खेळा. भाजी चिरताना भाजीचं टागालोग नाव मुलाला विचारा आणि अक्षरांवर सुरी चालवा: का-ला-बा-सा. आणि तुमच्या इमारतीत एखादी लोला, म्हणजे आजी, असेलच. तिला विचारा. तिला नावाने हाक मारू नका, लोला म्हणा आणि वाक्यात 'पो' घाला, म्हणजे आपलं 'अहो'. मग ती गाणं संपेपर्यंत तुम्हाला सोडणार नाही.

शेजारची लोला 'बाहाय कूबो'ची शेवटची ओळ वेगळी म्हणते. पुस्तकात वेगळी आहे. बरोबर कुठली?

कोणी म्हणतं सभोवार 'पूरो लिंगा', म्हणजे नुसता तीळच तीळ. कोणी म्हणतं 'पुनो नांग लिंगा', तिळाने भरलेलं. दोन्ही चालीत बसतात. आमच्या वर्गात पहिल्यांदा एक गातात, दुसऱ्यांदा दुसरं. एखादी लोला वर्गात आलेली असेल त्या दिवशी तिचं.